नॉबवरचा भोसरीचा रस्ता

वारज्याच्या आमच्या सोसायटीत मला ‘कॉम्प्युटरवाल्या आजी’ म्हणतात. नोकरीची सगळी वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काढली, असं एकदा जिन्यात बोलून गेले. तेव्हापासून कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा पासवर्ड हरवला की माझी बेल वाजते. मी दार उघडते, चहा विचारते आणि सांगते, की यातलं मला काही कळत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावर मग जे उमटतं ते मला आता पाठ झालं आहे. खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी घरी जाऊन सांगितलं म्हणे, की बागवानबाई बहुतेक तिथे झाडू मारत असाव्यात. तेही अगदीच खोटं नाही. लॅब मीच झाडायचे, कारण शिपायाचा झाडू आमच्या वायरींच्या आसपास फिरकलेला आम्हाला चालत नसे.

पण मी कॉम्प्युटरवरच होते. फक्त तो ॲनालॉग कॉम्प्युटर होता, आणि आता तो काय असतो हे सांगायला बसलं की आधी तो काय नसतो हे सांगावं लागतं.

तुमच्या टेबलावरचा संगणक आकडे मोजतो. आमचा मोजत नसे. वाण्याच्या दुकानात तांदळाचे दाणे कुणी मोजत बसत नाही, काट्यावर टाकतात आणि काटा कुठे थांबला ते बघतात. आमचं यंत्र त्या काट्याच्या जातीचं. समजा, स्प्रिंगवर बसवलेली एखादी जड वस्तू धक्का दिल्यावर कशी हलते हे हवं आहे. ती ज्या गणिताने हलते त्याच गणिताने वागणारं विजेचं मंडल, म्हणजे सर्किट, आम्ही जोडायचो. वस्तू वर गेली की व्होल्टेज वाढणार, खाली आली की उतरणार. बटण दाबलं की तो व्होल्टेज त्या वस्तूसारखाच डोलायला लागायचा आणि यंत्राला जोडलेलं पेन सरकत्या कागदावर रेघ काढायचं. ती रेघ म्हणजे उत्तर. कडक स्प्रिंग लावून बघायची असेल तर गणित पुन्हा मांडायचं नाही, एक नॉब जरा फिरवायचा. रेघ तिथल्या तिथे, तुमच्या डोळ्यांदेखत बदलायची.

ही जात फार जुनी. एके काळी दातेरी चाकांची अशीच यंत्रं बंदरांसाठी भरती-ओहोटीच्या वेळा काढून द्यायची. युद्धांत त्यांनी तोफांचा नेम साधून दिला, पुढे विमानं आणि अग्निबाण आकाशात जाण्याआधी या यंत्रांवर उडवून बघितले गेले. आमच्याकडचं यंत्र मात्र परदेशी नव्हतं. ते आमच्या देवस्थळी सरांनी स्वतः उभं केलं होतं. मागवलेलं यंत्र येईपर्यंत आपण निवृत्त होऊ, असा हिशेब करून त्यांनी बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून एकेक सुटा भाग जमवायला सुरुवात केली. त्या गल्लीत माझ्या अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. डिप्लोमा झालेली मुलगी काउंटरमागे बसून सोल्डरिंग करते आहे आणि तिचा एकही जोड ‘कोरडा’ पडत नाही, म्हणजे आतून सुटा राहत नाही, हे सरांनी पाहिलं. अब्बांना ते म्हणाले, “अहो बागवान, ही मुलगी रेडिओवर वाया चालली आहे.” अब्बांना आधी राग आला आणि नंतर मला नोकरी लागली.

यंत्र गोदरेजच्या कपाटाएवढं होतं. समोर भोकाभोकांचा एक मोठा पत्रा, त्याला आम्ही पाटी म्हणायचो. या भोकातून त्या भोकात रंगीत वायरी खोचायच्या, तोच आमचा प्रोग्रॅम. पाटीखाली नॉबची रांग: एक नॉब म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा, दुसरा म्हणजे वजन, तिसरा आणखी काही. एखादा व्होल्टेज यंत्राला झेपेनासा झाला की लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. त्या भोंग्याला लॅबमध्ये ‘बोंब’ असंच नाव होतं. आणि यंत्राचे लाड फार. सकाळी येऊन चालू करायचं, चांगलं तासभर तापू द्यायचं, मग बारीक पेचकस घेऊन एकेक ॲम्प्लिफायर शून्यावर आणून बसवायचा. हे न करता काम सुरू केलं तर रेघ कुणी न बोलावता हळूहळू वर चढत जायची. गुरुवारी पुण्यात वीज जायची, त्या दिवशी आमचं काम बंद. सर म्हणत, “आपलं यंत्र दत्तभक्त आहे, गुरुवारी उपास करतं.”

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. साखर कारखान्याचे इंजिनिअर यायचे, पंपवाले यायचे. एकदा काळी टोपी घातलेले एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले. कॉम्प्युटर ग्रहांची गती काढतो असं त्यांनी कुठेसं ऐकलं होतं. सरांनी ती पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, नीट पाहिली आणि परत दिली. “ग्रह आम्ही फिरवून देऊ, कुठे थांबायचं ते मात्र ते आमचं ऐकत नाहीत,” असं म्हणून त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. पण या सगळ्यांत मनात घर करून राहिले ते भोसरीचे गुंजाळ.

गुंजाळ आले तेव्हा त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. सर म्हणाले, “देऊळ नाही हे. पाय पोळतील, चपला घालून या.” ते चपला घालून आले, पण बसले नाहीत. भोसरीला त्यांचा बॉडी बांधण्याचा कारखाना होता. ट्रकची चॅसी, म्हणजे नुसता सांगाडा, यायची, हे तिच्यावर पत्रा चढवून कुणाला टेम्पो, कुणाला मिनीबस, कुणाला रुग्णवाहिका करून द्यायचे. गावातल्या एका मंडळाची रुग्णवाहिका त्यांनीच बांधली होती. आणि काही महिन्यांपूर्वी त्यांच्या आईलाच तिच्यातून पुण्यात आणायची वेळ आली होती.

अनसूयाबाई अंगणात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. भोसरी ते पुणे एवढासाच रस्ता, पण त्या प्रत्येक खड्ड्याला ओरडल्या. रुग्णालयात उतरवताना भोवती चार माणसं असताना त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “ज्यानं ही गाडी बांधलीया, त्याला एकदा हिच्यात निजवून आणा कुणीतरी.” बांधणारा शेजारीच उभा होता, हे त्यांना ठाऊक होतं.

ऑपरेशन झालं, त्याच रस्त्याने त्या घरी परतल्या, पण ते हाड नीट जुळलं नाही. रात्र रात्र दुखण्याने डोळा लागत नव्हता. डॉक्टरांचं म्हणणं, दुसरं ऑपरेशन करायला हवं, आणि तेही महिन्याच्या आत, नाहीतर बाई पुन्हा उभ्या राहणार नाहीत. बाईंचं म्हणणं, मी इथेच पडून राहीन पण त्या डब्यात पाय ठेवणार नाही. दुसरी गाडी आणायची म्हटलं तरी ती याच रस्त्याने येणार आणि अशीच आदळणार. गुंजाळांनी स्ट्रेचरखाली कडक स्प्रिंगा लावून बघितल्या. मग मऊ लावल्या आणि स्वतः त्यावर निजून गावभर फिरून आले, तर खाली उतरल्यावर त्यांना उलटी झाली.

“मऊ केलं की डोलत ऱ्हातंय, कडक केलं की आदळतंय,” ते म्हणाले. “मधलं कुठंतरी आसंल. ते कुठं हाय तेवढं सांगा, सर. बाकी लोखंड माझं मी बघतो.”

सर नेहमी पहिल्या वाक्यात माणसाला गार करायचे. यावर मात्र ते माझ्याकडे वळले. “बागवानबाई, पाटी मोकळी आहे का?” एवढंच त्यांनी मला विचारलं. मोकळी नव्हती. पंपवाल्यांचं काम तिच्यावर लागलेलं होतं. मी तरी ‘आहे’ म्हणाले आणि वायरी उपटायला लागले.

जोडणी अवघड नव्हती. गाडीच्या चाकांवरच्या स्प्रिंगपाट्यांचं एक मंडल, त्यावर स्ट्रेचरचं दुसरं. स्ट्रेचरच्या स्प्रिंगचा एक नॉब आणि दणका शोषून घेणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरचा एक. खरी अडचण रस्त्याची होती. पुस्तकात अशा वेळी एक गुळगुळीत लाट देतात, पण भोसरीचा रस्ता पुस्तकातला नव्हता. मी सुचवलं, की एक नॉब मोकळा ठेवू आणि त्यालाच रस्ता म्हणू. खड्डा आला की हाताने डावीकडे फिरवायचा, उंचवटा आला की उजवीकडे. सर म्हणाले, “आणि रस्ता हातात धरणार कोण?” गुंजाळ लगेच पुढे सरकले. त्या रस्त्यावर त्यांची हयात गेली होती.

मग आमच्या लॅबमध्ये जे सुरू झालं ते बघायला शेजारच्या विभागातून माणसं यायची. गुंजाळ स्टुलावर बसून, डोळे मिटून नॉब फिरवायचे आणि तोंडाने रस्ता सांगायचे. हा नाशिक फाटा, हे रेल्वेच्या बाजूचं वळण, हा दापोडीचा पूल, आता बोपोडी, आता खडकी. दुसऱ्या बाजूला मी शॉकॲब्सॉर्बरचा नॉब थोडा थोडा फिरवत होते. कागदावर दोन रेघा उमटायच्या, खाली रस्त्याची, वर स्ट्रेचरची. दोन दिवसांत आम्हाला ‘मधलं’ सापडलं. वरची रेघ इतकी शहाण्यासारखी वागायला लागली, की सरांनीसुद्धा ‘बरं आहे’ म्हटलं. त्यांच्या तोंडून हे शब्द मी फार थोड्या वेळा ऐकले आहेत.

गुंजाळांनी स्कूटरचे शॉकॲब्सॉर्बर वापरून तसं स्ट्रेचर बांधलं. आईला निजवण्याआधी ते कुणावर तरी तपासून बघायला हवं होतं. सर म्हणाले, मी झोपतो. आम्ही नको नको म्हणत असतानाही ते मला सोबत घेऊन भोसरीला गेले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि आडवे झाले. परत येताना म्हणाले, आता कॉलेजात नको, घरीच सोडा. रुग्णवाहिका नारायण पेठेत त्यांच्या दारात उभी राहिली आणि मागचं दार उघडून सर आडवेच बाहेर आलेले पाहताच शेजारचे एक आजोबा धोतर सावरत पुढे आले. टोपी काढून त्यांनी हळूच मला विचारलं, “कधी गेले?” स्ट्रेचरवरून उत्तर आलं, “अजून जायचे आहेत. ठरलं की कळवतो.”

पण सरांची पाठ धरली होती. दुसऱ्या दिवशी ते एका कुशीवर वाकून खुर्चीत बसले आणि म्हणाले, “गुंजाळ, आपण नॉबवर आणलात तो रस्ता कोणत्या गावचा? कारण मी ज्यावरून आलो तो वेगळा होता.”

गुंजाळांचं तोंड पडलं. महिना संपत आला होता. त्यांनी पुन्हा स्टुलावर बसून नॉब धरला. मी या वेळी पेनाकडे बघायचं सोडून त्यांच्या हाताकडे बघत बसले. नाशिक फाट्यापर्यंत हात छान चालत होता. पुलाच्या अलीकडे तो मंदावला, आणि जिथे जोराचा झटका यायला हवा तिथे बोटं नॉबवरून नुसती सरकली. बोपोडीलाही तसंच. मी जुने कागद काढून पाहिले. त्यांनी जितक्या वेळा तो रस्ता चालवला होता, तितक्या वेळा तो त्याच जागी सपाट होता. रस्त्यात जिथे सगळ्यांत मोठे खड्डे, तिथेच आमच्या कागदावर डांबर होतं.

मी त्यांना ते दाखवलं. रागावून नाही, पण दाखवलं. त्यांनी त्या खालच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि ते सपाट जागी थांबवलं.

“तिथं आई लई वरडली होती, ताई,” ते म्हणाले. “तिथं आलं की हात वळतच न्हाई.”

सर खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. यंत्रात काही चूक नव्हती, वायरीत नव्हती, गणितात नव्हती. मुलाने आईला दुखू नये म्हणून खड्डे बुजवले होते, आणि त्याच खड्ड्यांसाठी आम्ही स्ट्रेचर बांधायला निघालो होतो. मी इतकंच म्हटलं, की तुम्ही उठा आणि तुमच्या आईला न ओळखणारा एखादा माणूस बसवा. ते मान हलवून म्हणाले, भोसरीत असा कोण घावायचा?

शेवटी त्यांनी बबनला आणलं. बबन म्हणजे त्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. तोही अनसूयाबाईंना लहानपणापासून ओळखत होता, पण त्याचं दुखणं वेगळं होतं. त्या दिवसापासून सगळं गाव त्यालाच बोल लावत होतं. हा नीट चालवत नाही म्हणून म्हातारी ओरडली, असं पारावर बसणारी माणसंही बोलू लागली होती. दोष आपल्या हाताचा नाही, रस्त्याचा आहे, हे सिद्ध करायची संधी कुणी त्याला देईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नसेल. तो स्टुलावर बसला, बाह्या सावरल्या आणि नॉब असा काही पकडला, की मला नॉबची काळजी वाटायला लागली.

सरांनी आधी काळ दहापट मंद करून बघितला. या यंत्रावर तेही करता येतं. खरा एक सेकंद यंत्रात दहा सेकंदांचा करायचा, म्हणजे पेनाला बारीक हालचालही टिपता येते. बबनने चार खड्डे चालवले आणि हात वर केले. “सर, इतक्या हळू गेलो तर पेशंट वाटंतच बरा व्हईल.” सरांनी मुकाट्याने काळ पहिल्यासारखा केला.

मग त्याने गाडी काढली. नाशिक फाटा गेला, वळण गेलं, दापोडीचा पूल आला आणि बबनने पुराव्यादाखल जो काही हिसका दिला, त्याने लाल दिवा लागला आणि बोंब झाली. सगळी लॅब दणाणली. बबन आमच्याकडे वळला. इतका समाधानी माणूस मी क्वचितच पाहिला आहे. “बघा,” तो म्हणाला, “यंत्र पण वरडलं.”

गुंजाळ हसले. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच हसले.

बबनचा रस्ता खरा होता असं मी म्हणत नाही. त्यात त्याने पदरचे खड्डे घातले होते, हे शपथेवर सांगते. पण सर म्हणाले, तो खोटा असला तर वाईटाच्या बाजूने खोटा आहे, आणि आपल्याला तेच हवं. मी यंत्राची झेप वाढवली आणि बबन पुन्हा निघाला. तो भोसरीहून पुण्याला येत राहिला, परत जाऊन पुन्हा येत राहिला, आणि मी नॉब फिरवत राहिले. वरची रेघ आधी वेडीवाकडी उसळत होती. मग एकदा उसळून दोनदा डोलायला लागली. मग नुसती उसळून हळूच जागेवर यायला लागली. गुंजाळ कागदाला नाक लावून बसले होते. गणिताची त्यांना गंधवार्ता नव्हती आणि गरजही नव्हती. एका क्षणी ते म्हणाले, “ताई, आता हात काढा. हितंच ऱ्हाऊ द्या.” मी हात काढला. सरांनी नॉबचा आकडा वाचला, कागदावर काहीतरी मांडलं आणि सांगितलं, की शॉकॲब्सॉर्बर दुप्पट लावा आणि आतलं तेल जाड घाला. गुंजाळ तो कागद न घेताच पळाले, आकडा त्यांच्या डोक्यात बसला होता.

इथे जरा थांबून यंत्राचं पुढे काय झालं ते सांगते, कारण शेवटी सांगितलं तर फार रडवं होईल. त्याच सुमारास कॉलेजात डिजिटल कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी थंड हवेची खोली बांधली. भोकं पाडलेली कार्डं आज द्या, उत्तर उद्या घ्या, असा सुरुवातीला त्याचा कारभार होता आणि आम्ही त्याला मनसोक्त नावं ठेवली. पण खरं सांगायचं तर तो आमच्यापेक्षा सरस होता. आमच्या यंत्राचं उत्तर तिसऱ्या आकड्यापुढे डळमळायचं, त्याचं हवं तितकं पुढे जायचं. तो काही विसरत नसे. आमच्या पाटीवरच्या वायरी काढल्या, की सगळं पुसलं. दर वर्षी आमच्या लॅबमध्ये विद्यार्थी कमी होत गेले. सर निवृत्त झाल्यावर यंत्र कोठीच्या खोलीत गेलं, आणि एका सुट्टीत भंगारात. नॉब पोरांनी आठवण म्हणून काढून नेले. मी त्या दिवशी रजेवर होते, आणि रजेवर होते हे बरं झालं असं कधी वाटतं, कधी वाटत नाही. माझा नातू सांगतो, परदेशात आता पुन्हा तशा जातीची यंत्रं करताहेत, नखाएवढ्या चिपवर, कारण ती वीज कमी खातात. मला आनंदच आहे. पण नखाएवढ्या चिपवर बबन कुठे बसणार, हे मला कळत नाही. गुंजाळांचं काम नव्या कॉम्प्युटरवरही झालं असतं, बहुधा जास्त अचूक झालं असतं. पण त्याच्या आत हात घालायला जागा नव्हती, आणि म्हणूनच त्या हाताला काय होतंय हे कुणाला दिसलंही नसतं. माझा त्या यंत्रावर जीव होता, तो यासाठी.

तर, अनसूयाबाई. त्यांचं ऑपरेशन चांगलं झालं आणि पुढे त्या काठी घेऊन भोसरीभर फिरल्या, हे आत्ताच सांगून टाकते. ते श्रेय डॉक्टरांचं. माझी गोष्ट रुग्णालयाच्या दारापर्यंतचीच आहे.

त्यांना आणायच्या दिवशी सर म्हणाले, बागवानबाई, सोबत आपण बसा, बाईमाणूस असलेलं बरं. सकाळी मी भोसरीला पोहोचले तर ओसरीवर भांडण चालू होतं. त्या येत नव्हत्या. नव्या स्ट्रेचरचं कौतुक गुंजाळ सांगत होते आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले. तू डॉक्टर हाय का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, मी रेघा काढते. नाव विचारलं, ते सांगितलं. मग विचारलं, मंडईतल्या बागवानांपैकी का? माझ्या आजोबांचा मंडईत फळांचा गाळा होता. अनसूयाबाई तरुणपणी बैलगाडीत भाजी घालून त्याच मंडईत यायच्या. एका बागवानाने त्यांना पहिल्या दिवशी पाणी दिलं होतं म्हणे. तो माझा आजोबाच असेल असं काही नाही, पण मी नाही म्हटलं नाही. “तू बसणार का माझ्याजवळ?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, आणि त्या निघाल्या.

गुंजाळ पुढे बबनशेजारी बसले. ते वाटेत एकदाही मागे वळून बघणार नाहीत, हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. अनसूयाबाईंनी माझं मनगट धरलं होतं. गावाबाहेर पडताना पहिला खड्डा आला. त्याआधीच त्यांची नखं माझ्या हातात रुतली आणि डोळे घट्ट मिटले. गाडी आदळली. स्ट्रेचर एकदा खाली गेलं, वर आलं आणि उभं राहिलं. त्यांनी डोळे उघडले.

“गेला?” त्यांनी विचारलं.

“गेला,” मी म्हणाले.

त्यांचा विश्वास बसला नसावा, कारण पुढच्या खड्ड्यालाही नखं रुतली. त्याच्या पुढच्याला थोडी कमी. नाशिक फाट्यानंतर त्या मंडईतल्या जुन्या गोष्टी सांगू लागल्या, मध्येच बैलांची नावं आठवेनाशी झाली म्हणून थांबल्या. दापोडीचा पूल येतोय हे मला माहीत होतं. बबनलाही होतं, गुंजाळांनाही. पूल आला. गाडी दणकन आदळली, पुढे बबनजवळचा चहाचा पेला खाली पडून घरंगळत गेला. मी खाली पाहिलं. मनगटावरचा हात सैल होऊन चादरीवर पडला होता.

त्या झोपल्या होत्या. बोपोडीला झोपल्या होत्या, खडकीला झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, श्वास संथ. इतक्या दिवसांची झोप एकदम आल्यासारखी ती बाई झोपली होती, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत रडत होते. आयुष्यभर काढलेल्या सगळ्या रेघांत इतकी सरळ रेघ माझ्या हातून कधी निघाली नव्हती.

रुग्णालयाच्या आवारात गाडी थांबली. मागचं दार उघडलं आणि गुंजाळ आत बघून जागच्या जागी थिजले. आईचे डोळे मिटलेले, हात सैल पडलेला, मी रडतेय. मी घाईने ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात अनसूयाबाई घोरल्या.

दोन वॉर्डबॉय आले, मागून एक नर्स आली. डॉक्टर वर वाट बघताहेत, लवकर उतरवा, असं ती सांगत होती. आईला या दारापर्यंत आणण्यासाठी ज्या माणसाने महिनाभर जिवाचं रान केलं होतं, तो गाडीच्या दारात दोन्ही हात पसरून उभा राहिला. आतून कुणी बाहेर येऊ नये आणि बाहेरून कुणी आत जाऊ नये, असा.

“जरा थांबा,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “आई निजलीया. उठली की नेऊ.”